कप हलवा

अर्विंग, टेक्सस
१४ जानेवारी २०२५

ती. उल्कामावशीस,
हिमानीचा शि. सा. न. वि. वि.

सोबत तिळगूळ घातला आहे. पोस्टाने त्याचा चुरा केला नसेल तर खा आणि गोड बोल. फोनवर बोलायला लागलं की तुझ्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, म्हणून आपण पत्रांवर आलो. मला मनातून त्याचा आनंदच आहे. फक्त एक तक्रार. लहानपणी माझं शुद्धलेखन तपासणारी तू, आणि तुझ्या मागच्या पत्रातल्या ओळी डोंगर चढून पुन्हा उतरल्यासारख्या. आडवं पडून लिहितेस की काय?

आता माझी बातमी. परदेशातल्या खाण्याच्या वस्तू अमेरिकन दुकानांत आणून बसवायच्या, हे आमच्या ऑफिसचं काम, ते तुला माहीतच आहे. सध्या आमच्याकडे अरबी ब्रँड्सची रांग लागली आहे. कुणाचं खजुराचं सिरप, कुणाचं अत्तर. आपापल्या गावात यांच्या दुकानांपुढे गर्दी असते आणि इथे त्यांना कुणी ओळखत नाही. इतके दिवस मी दुसऱ्यांच्या हाताखाली होते. या महिन्यात मला पहिल्यांदा स्वतःचा क्लायंट मिळाला, आणि तो चक्क तुझ्या ओमानचा. नझवा गावची कंपनी, नाव ‘हमूद आणि मुली’. ते हलवा करतात. केशर, तूप, गुलाबपाणी घालून तासन्तास घोटलेला, तो चमकणारा चिकट हलवा. थोरली मुलगी बद्रिया हिला तो अमेरिकेत आणायचा आहे. वडिलांनी तिला एकच संधी दिली आहे. ती हुकली तर परदेशाचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही. माझी बॉस लॉरा हिनेही हसत हसत सुचवलं आहे, की पहिला क्लायंट नीट सांभाळला तरच दुसरा मिळतो.

परवा व्हिडिओ कॉलवर माझं प्रेझेंटेशन झालं. मी जीव तोडून बोलले. हलवा म्हटलं की इथल्या लोकांना तिळाची वडी आठवते आणि आपल्या लोकांना गाजर, म्हणून नाव बदलून ‘अरेबियन रोझ फज’ ठेवू. मोठ्या वाडग्याऐवजी एकेकट्याने खायचे छोटे डबे करू. मावशी, हमूदसाहेब एक शब्द बोलले नाहीत. हातात बिनकानाचा चिमुकला कप होता, तो मधूनच इकडून तिकडे हलवायचे. नावाचा विषय निघाला तेव्हा हलवला, डब्यांचा निघाला तेव्हा परत हलवला. मला वाटलं, बिचाऱ्यांची कॉफी संपली आहे आणि स्वतःच्याच घरात कुणी ओतत नाही. शेवटी मीच हसून म्हटलं, की कुणीतरी सरांना कॉफी द्या. बद्रियाने मान खाली घातली. ते हसले, कप खाली ठेवला आणि उठून गेले.

तेव्हापासून माझ्या एकाही ईमेलला उत्तर नाही. तुझा अख्खा संसार मस्कतमध्ये झाला. या लोकांना पटवायचं कसं ते सांग ना. नावाबद्दलही तुझं मत हवं आहे.

ऋषीदादा आणि दीपावहिनींना नमस्कार, नीनाला पापा. लोभ आहेच, तो वाढवायला तुला माझ्या विनंतीची गरज नाही, तरी करते.

तुझी
हिमानी


वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
२३ जानेवारी २०२५

चि. हिमानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिळगुळाचा चुरा पोचला. मी आणि नीनाने तो चमच्याने खाल्ला. अक्षराचा दोष माझा नाही, हे टेबल डगमगतं.

तुझं पत्र वाचायला घेतलं, तर ‘हलवा’ शब्दापाशी मी आधी संक्रांतीला काटेरी हलव्याचे दागिने घालून बसलेली तू आठवलीस, मग तुझ्या काकांना आवडणारा हलवा मासा आठवला, आणि नझवाचा हलवा सगळ्यात शेवटी आला. तेव्हा लोकांचा घोटाळा होतो हे तुझं म्हणणं खोटं नाही. पण अगं वेडे, तो माणूस कॉफी मागत नव्हता. तो पुरे म्हणत होता.

ओमानमध्ये पाहुण्याच्या कपात घोटभर कॉफी ओततात. तो संपला की पुन्हा ओततात. कप नुसता पुढे केलास की पुन्हा. नको झाली की कप मनगटातून थोडा हलवायचा. तोंडाने नाही म्हणायची वेळच येत नाही, देणाऱ्याचाही मान राहतो आणि घेणाऱ्याचाही. त्या गृहस्थाने तुला दोनदा इतक्या सभ्यपणे थांब म्हटलं, आणि तू त्याच्या घरात त्यालाच कॉफी पाजायला निघालीस. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पण तुला हसायचा हक्क मला नाही. लग्न करून मस्कतला गेले, त्या पहिल्या ईदला आमच्या घरमालकीण झुवैना यांनी आम्हाला खाली बोलावलं. पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका आत. माझ्याबरोबर काकांच्या ऑफिसातल्या देशमुखांची नीलांबरी होती, तीही नवीच. आधी हलवा झाला, मग कॉफी सुरू झाली. कडू, वेलचीची. आम्ही दोघी नको नको म्हणायचो आणि कप पुढे धरायचो. आपल्याकडे नको म्हणजे आणखी एकदा आग्रह करा. कप भरतच राहिला. नीलांबरी रडकुंडीला आली. पडद्याआडून काकांना सगळं ऐकू येत होतं. ते तिथूनच आम्हा दोघींना ओरडले, कप हलवा, कप हलवा.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. म्हटलं, इथली रीत असेल. आणि दोघींनी समोरच्या वाडग्यातला हलवा उचलून कॉफीच्या कपात घातला.

झुवैना उठल्या. त्यांनी माझ्या हातातला कप घेतला, बोटाने त्यातला कॉफीत भिजलेला हलवा काढून स्वतः खाल्ला आणि छान झालाय अशी मान डोलावली. नीलांबरीच्या कपाचंही तेच केलं. मग मला नवा कप दिला, माझं मनगट आपल्या हातात धरलं आणि हलवून दाखवलं. मला अरबी येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं. त्या देशात मी पुढे इतकी वर्षं आनंदाने राहिले, त्याचं श्रेय मी त्या एका बोटभर हलव्याला देते. त्या बाईचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते फिटावेत अशी माझी इच्छाही नाही.

आता काम ऐक. ईमेल बंद कर. बद्रियाला फोन करून वडिलांची वेळ माग. तू कमी बोल आणि हलवा कसा खायचा ते त्यांनाच विचार. आणि तो फ्रीजमध्ये ठेवू नकोस, दगड होतो.

आमच्याकडे सगळे ठीक. दीपा हल्ली मला चहा अर्धाच कप देते. सुनेच्या राज्यात शिस्त असायचीच. लोभ जुना झाला म्हणून आटला असं समजू नकोस.

तुझी
उल्कामावशी


अर्विंग
३ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी लाजेने पाणी पाणी झाले आणि मग इतकी हसले, की शेजारच्या क्यूबिकलमधला चारुदत्त उठून बघायला आला.

तू सांगितलंस तसंच केलं. बद्रियाने वेळ मिळवून दिली. मी माफी मागितली आणि माझं अज्ञान लपवायला नको म्हणून तुझी कप हलव्याची गोष्टही सांगितली. मराठीत ‘हलवा’ म्हणजे ‘इकडून तिकडे करा’ असंही होतं, हेही समजावलं. बद्रिया भाषांतर करता करता थांबली, तिला हसू आवरेना. हमूदसाहेब मात्र आधी हसले नाहीत. त्या बाईंनी भिजलेला हलवा स्वतः खाल्ला का, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग डोळे पुसत खूप हसले.

त्यानंतर मी तोंड बंद ठेवलं आणि ते बोलले. नाव हलवाच राहील. आजोबांनी तेच ठेवलं आहे आणि तिळाच्या वडीला घाबरून ते बदलणार नाहीत. वाडगा मोठाच राहील, कारण त्यांच्या दुकानातून आजवर कुणी एकट्यासाठी हलवा नेलेला नाही. आणि कॉफीशिवाय कुणाला चव द्यायची नाही. नुसता खाल्ला तर तो फक्त गोड लागतो.

मावशी, माझे सगळे मुद्दे गेले, पण पहिल्यांदाच मला कळलं की मी काय विकते आहे. लॉराला हे पटलेलं नाही. तिने एवढंच मान्य केलं, की इथल्या एका मोठ्या ग्रोसरी चेनच्या दुकानात शनिवारी २२ तारखेला टेस्टिंग ठेवायचं. त्यांची खरेदी बघणारी बाई येईल. तिला पटलं तर ईदच्या आधी शेल्फवर माल, नाही तर सगळं तिथेच संपलं. हमूदसाहेब स्वतः येणार आहेत. मला भीती वाटते. शनिवारच्या गडबडीत ट्रॉली सोडून कोण कॉफी प्यायला थांबणार? हे फसलं तर माझं होईल ते होईल, पण बद्रियाला घरात पुन्हा हा विषय काढता येणार नाही, आणि मीच तो बिघडवलेला असेल.

रात्री घाबरायला झालं की मी तुझा करडा स्वेटर घालून बसते. शिकायला आले तेव्हा माझी बॅग हरवली होती, आणि तू दारातच तो अंगातून काढून मला दिलास. परत मागितला नाहीस. मी कधी नीट थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, ते आज म्हणते.

या वेळी तुझी अक्षरं मुंग्यांसारखी पळताहेत. ऋषीदादाला टेबलाखाली कागदाची घडी घालायला सांग. लोभ असू दे, आणि त्या शनिवारी नेहमीपेक्षा थोडा जास्त असू दे.

तुझी
हिमानी


वेस्ट विंडसर
११ फेब्रुवारी २०२५

चि. हिमानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज थोडक्यात लिहिते. टेबल अजून दुरुस्त झालेलं नाही.

स्वेटरचे आभार मानलेस तर पुढच्या वेळी खरंच परत मागेन. तुझ्या आईने तुला माझ्याकडे सोपवलं, त्यातच माझी भरपाई कधीच झाली आहे.

अमेरिकन माणसाला घाबरू नकोस. तो आपल्यासारखाच आहे, तोंडाने नको म्हणतो आणि बशीकडे बघत राहतो. त्याला कप हलवायला शिकव. नवी रीत शिकायला मिळाली की माणूस थांबतो. मीही थांबले होते.

हमूद यांना सांग, मस्कतच्या रुवीत राहिलेल्या एका बाईचा त्यांना सलाम आहे. धीर धर. माझा लोभ शनिवारी सकाळपासून तिथे उभा असेल.

तुझी
उल्कामावशी


अर्विंग
२४ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

नमनाला घडाभर तेल नको. जमलं. माझा जीव भांड्यात पडला, आता सावकाश सांगते.

सकाळी पोचलो तर दुकानातल्या कुणीतरी काळजीपोटी सगळे वाडगे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेले. तू म्हणालीस तसे दगड. बाहेर टेक्ससला न शोभणारी थंडी. मला रडूच येणार होतं. हमूदसाहेबांनी दोन वाडगे उचलले, पार्किंगमध्ये माझ्या गाडीत जाऊन बसले आणि हीटर लावायची खूण केली. पांढरा शुभ्र पायघोळ डिशडाशा, डोक्याला भरतकामाची टोपी, मांडीवर दोन वाडगे आणि तोंडावर गरम वारा. वाडगे मऊ झाले की बद्रिया ते आत न्यायची आणि पुढचे आणून द्यायची. सगळे वाडगे होईपर्यंत ते गाडीतून उतरले नाहीत.

मग त्यांनी लांब चोचीची पितळी किटली डाव्या हातात घेतली आणि ओतायला उभे राहिले. बद्रियाने इंग्रजीत पाटी लावली होती, की पुरे झालं की कप हलवा. अर्विंगमध्ये आपली माणसं रग्गड, म्हणून मी खाली तेच मराठीत लिहिलं. थोड्या वेळाने नागपूरचे एक संजयकाका आले, पाटी वाचली आणि रिकामा कप पुढे करून म्हणाले, कपातला हलवा द्या. मावशी, मी शपथ घेऊन सांगते. तुझी चूक अजून जिवंत आहे. मी हसून हसून मटकन खाली बसले. बद्रियाने बापाला कानात सांगितलं. त्यांनी किटली ठेवली आणि चमच्याने काकांच्या कपात अगदी आदराने हलवा घातला.

तू म्हणालीस तसंच झालं. लोक कप हलवायला थांबले. मुलं तर कप हलवण्यासाठीच कॉफी मागत होती. खरेदी बघणारी बाई आली ती फोनवर बोलत बोलत. हलवा तोंडात टाकला, कॉफीचा घोट घेतला आणि बोलतच राहिली. कप रिकामा झाला की हमूदसाहेब भरायचे. ती पुन्हा प्यायची, ते पुन्हा भरायचे. अखेर तिचं पाटीकडे लक्ष गेलं. तिने फोन बंद केला, कप हलवला आणि विचारलं, की कुणी थांबवलंच नाही तर तुम्ही किती वेळ ओतता. हमूदसाहेब बद्रियामार्फत म्हणाले, की थांबवणं हे पाहुण्याचं काम आहे, माझं नाही. संध्याकाळी तिने डॅलसच्या सगळ्या दुकानांसाठी माल मागवला. मोठे वाडगे, आणि नाव हलवाच. लॉरा अजून छोट्या डब्यांचं स्वप्न बघते आहे, पण पुढचा क्लायंट तिने मला आजच दिला.

निघताना हमूदसाहेबांनी माझ्या कपात शेवटची कॉफी ओतली. मी कप हलवला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या वेळी मला तुझी फार आठवण आली. तू नसतीस तर मी आजही त्यांना रोझ फज समजावत बसले असते. तुझ्यासाठी त्यांनी एक वाडगा आणि बिनकानाचे सहा कप दिले आहेत, ते वेगळ्या पार्सलने पाठवले आहेत. सांगितलंय, रुवीच्या बाईंना आमचा सलाम.

पार्सलचं कळवायला ऋषीदादाला फोन केला होता. सहज म्हटलं, तेवढं टेबल दुरुस्त कर. तो म्हणाला, टेबलाला काही झालेलं नाही, पण ते आईच सांगेल. मावशी, मी काही विचारत नाही. तुला वाटेल तेव्हा सांग. तिरक्या ओळीसुद्धा मला हव्याच आहेत. लोभ आहे तो कळव, म्हणजे मलाही धीर येईल.

तुझी
हिमानी


वेस्ट विंडसर
५ मार्च २०२५

चि. हिमानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल पोचलं, आणि वाडगा पोस्टातून येऊनही धड. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दीपाला मोठ्याने वाचून दाखवलं. हमूद गाडीत मांडीवर वाडगे घेऊन बसले ते वाचताना मला रडू आलं. संजयकाकांपाशी पोचले तेव्हा हसू आलं. आज तुझे काका असते तर ओरडल्याचं बक्षीस मागत हिंडले असते.

आता टेबलाचं. टेबल भक्कम आहे. हलतो तो माझा हात. ऑगस्टपासून हलतो आहे. डॉक्टरांनी जे इंग्रजी नाव सांगितलं त्याला मराठीत कंपवात म्हणतात. शुद्धलेखनवाल्या मावशीची गंमत बघ, कपाच्या डोक्यावर एक टिंब बसलं आणि कंप झाला. गोळ्या सुरू आहेत, मी हिंडते फिरते, काळजीने विमानाचं तिकीट काढू नकोस. उन्हाळ्यात ये, तेव्हा आंबे येतात.

दीपावर मी शिस्तीचा आळ घेतला तो खोटा होता. पूर्ण कप दिला तर चहा माझ्या अंगावर सांडतो आणि मला वाईट वाटतं, हे पाहून त्या पोरीने न बोलता अर्धा द्यायला सुरुवात केली. फार गुणी आहे. पण हळूहळू घरात सगळंच मला अर्धं मिळायला लागलं होतं. गप्पा अर्ध्या, भाजी चिरायचं काम अर्धं, बाहेर जाणं अर्धं. दमली असशील, असू दे, म्हणायचे. मीही मूग गिळून होते. तुला वाचता न येणारं पत्र येईल आणि तूही लिहायचं थांबशील, म्हणून टेबलाला डगमगायला लावलं.

काल हमूदचे कप काढले. वेलची घालून कॉफी केली, तुझा हलवा मध्ये ठेवला आणि सगळे गोल बसलो. मी नीनाला झुवैनाची गोष्ट सांगितली. ती इंग्रजीत प्रश्न विचारत होती, मी मराठीत उत्तरं देत होते, नेहमीसारखं. मग तिने किटली घेतली आणि सगळ्यांना घोट घोट ओतलं. माझी पाळी आली. कप माझ्या हातात हलत होता. ऋषी म्हणाला, आजीला पुरे झालं दिसतंय.

नीना थांबली. तिने किटली खाली ठेवली नाही. एका हाताने माझं मनगट घट्ट धरलं, हलू दिलं नाही, आणि दुसऱ्या हाताने कप काठोकाठ भरला. मग मला मराठीत विचारलं, आजी, अजून?

झुवैनांनी मनगट धरून मला हलवायला शिकवलं आणि या पोरीने धरून थांबवलं. माझ्या वाट्याला दोन्ही आलं. याहून जास्त देवाकडे काय मागायचं असतं ते मला माहीत नाही.

कॉफीनंतर सगळ्यांना सांगून ठेवलं, तेच तुलाही सांगते. माझा कप आता आपोआप हलतो. त्याचा अर्थ पुरे असा नाही. तिरक्या ओळी येतील, त्या वाच. लांब पत्रं लिही, भांडणं कळव, पुढचा क्लायंट कोण ते सांग, आणि मी दमले असेन असं ठरवून काही अर्धं पाठवू नकोस.

लोभ ओतत राहावा, ही विनंती. कप हलला तरी.

तुझी
उल्कामावशी